मूडलवरचा अभ्यासक्रम नेमका कुठे अडतो? वापराच्या नोंदींवरून सुधारणा करण्याची पद्धत

ऑनलाइन अभ्यासक्रमाचा आढावा घ्यायची वेळ आली की महाविद्यालयाच्या बैठकीत बहुधा एकच आकडा पुढे येतो, तो म्हणजे किती विद्यार्थ्यांनी लॉगइन केले. हा आकडा मिळवायला सोपा आणि अहवालात भारदस्त दिसणारा असला, तरी सुधारणेच्या कामी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. नाट्यगृहाच्या दारात तिकीट फाडणाऱ्याला किती प्रेक्षक आत गेले ते कळते, मध्यंतरानंतर किती खुर्च्या रिकाम्या झाल्या ते कळत नाही. अभ्यासक्रम सुधारायचा तर या रिकाम्या खुर्च्या मोजाव्या लागतात, आणि त्या कधी व कोणत्या प्रवेशानंतर रिकाम्या झाल्या हे पाहावे लागते.

हे टिपण मूडलवर, म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याच्या संगणकप्रणालीवर, शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि समन्वयकांसाठी आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थचे मार्टिन डुगियामास यांनी २००२ साली मूडलची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. ती मुक्त आणि विनामूल्य असल्याने कोणतेही महाविद्यालय स्वतःच्या सर्व्हरवर बसवू शकते, आणि त्यामुळे वापराच्या नोंदीही महाविद्यालयाच्याच हातात राहतात. दुसऱ्याच्या व्यासपीठावर अभ्यासक्रम ठेवला तर तेथील यंत्रणा देईल तेवढ्याच आकड्यांवर समाधान मानावे लागते. मूडलमध्ये ही अडचण नसते. तरीही या नोंदी उघडून पाहणारे शिक्षक थोडेच असतात, कारण त्या कशा वाचायच्या हे सहसा कोणी दाखवलेले नसते.

नोंदी उघडण्याआधी प्रश्न लिहून काढा

लॉगची, म्हणजे वापराच्या नोंदींची, फाइल उतरवून घेतली आणि मग त्यात काय सापडते ते पाहू, असे म्हटले, तर त्यात काहीही सापडते आणि त्याचा उपयोग मात्र शून्य असतो. म्हणून आधी कागदावर एक प्रश्न लिहावा आणि तो असा असावा की त्याचे उत्तर मिळाल्यावर अभ्यासक्रमातील एखादी गोष्ट बदलता येईल. ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद कसा आहे?’ हा असा प्रश्न नव्हे. ‘पहिली चाचणी दिलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जण आठवड्याभरात दुसरा घटक उघडतात?’ हा आहे, कारण उत्तर वाईट आले तर कोणत्या दोन पायऱ्यांच्या मध्ये बघायचे हे लगेच ठरते.

प्रश्नासोबत भाजक ठरवणेही तितकेच आवश्यक आहे. टक्केवारी काढताना ‘शंभरातले किती’ यातले शंभर कोण, हा मुद्दा अनेकदा गुळमुळीत राहतो. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरील अभ्यासक्रमांच्या २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २०१७–१८ या वर्षी सर्व सहभागींपैकी अवघ्या ३.१३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. पण प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हेच प्रमाण ४६ टक्के होते. अभ्यासक्रम तेच, शिकवणारे तेच, फक्त भाजक वेगळा. नोंदणी सक्तीची असलेल्या पदवी वर्गात नावनोंदणीचा आकडा भाजक म्हणून चालतो. ऐच्छिक अभ्यासक्रमात मात्र पहिल्याच पानावर ‘तुम्हाला हा अभ्यासक्रम पूर्ण करायचा आहे, की काही भागच पाहायचा आहे?’ असे एका ओळीत विचारून ठेवावे आणि पूर्णतेचे प्रमाण पहिले उत्तर देणाऱ्यांपुरतेच काढावे. ज्याला एक धडा पाहून जायचेच होते, त्याला गळती म्हणणे अन्यायाचे आहे.

विद्यार्थी आत कुठून येतो, हेही याच वेळी लिहून ठेवावे. बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या शालेय साहित्याच्या सरकारी व्यासपीठावर येणारा विद्यार्थी थेट त्या पाठाच्या साहित्यावर उतरतो, त्याला मुखपृष्ठ दिसतही नाही. तुमचे विद्यार्थी व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेल्या दुव्यावरून थेट चाचणीवर येत असतील, तर सुरुवातीच्या पानावर मोठ्या कष्टाने लिहिलेल्या सूचना कोणीही वाचत नाही असे गृहीत धरूनच पुढे चालावे.

नोंदी उतरवणे आणि निवडणे

अभ्यासक्रमाच्या पानावरील ‘रिपोर्ट्स’मध्ये ‘लॉग्ज’ असा पर्याय असतो. तेथून एक्सेलची फाइल उतरवली की प्रत्येक ओळीत वेळ, वापरकर्त्याचे नाव, संदर्भ, घटक, घटनेचे नाव, वर्णन, उगम आणि आयपी पत्ता असे रकाने दिसतात. प्रत्येक क्लिकसाठी एक ओळ असल्याने एका वर्गाच्या एका सत्राची फाइल हजारो ओळींची होते. ती वाचायची नसते, गाळायची असते.

गाळणीची सुरुवात स्वतःपासून करावी. शिक्षक आणि व्यवस्थापक अभ्यासक्रमात दिवसातून अनेकदा येतात, आणि त्यांच्या नोंदी काढल्या नाहीत तर सर्वांत उत्साही विद्यार्थी तेच ठरतात. त्यानंतर ‘उगम’ या रकान्याकडे वळावे. ब्राउझरमधून झालेली घटना ‘वेब’ या नावाने, मोबाइल ॲपमधून झालेली ‘डब्ल्यूएस’ या नावाने आणि सर्व्हरने आपोआप केलेली कामे ‘सीएलआय’ या नावाने नोंदली जातात. शेवटचा गट काढून टाकावा, मात्र पहिले दोन गट वेगवेगळे ठेवावेत, कारण ॲपवर दिसणारी मांडणी आणि संगणकावर दिसणारी मांडणी यांत फरक असतो आणि अडचण बरेचदा एकाच बाजूला असते.

वेळेच्या रकान्यात एक गफलत होऊ शकते. फाइल मूडलच्या अहवालातून उतरवली तर वेळ तुमच्या खात्याच्या वेळक्षेत्रानुसार येते. पण तंत्रज्ञाने थेट डेटाबेसमधून काढून दिली तर ती जागतिक प्रमाणवेळेनुसार मोजलेल्या सेकंदांच्या एका लांबलचक संख्येत असते आणि त्या संख्येत भारतीय वेळेचे १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, मिळवावे लागतात. ते राहून गेले की संध्याकाळी साडेसातला अभ्यासाला बसणारा वर्ग दुपारी दोनला बसतो असे दिसते, आणि त्यावरून शंकासमाधानाची वेळ दुपारची ठरते.

शिवाय, पान उघडल्याची नोंद म्हणजे पान वाचल्याची नोंद नव्हे. पान ताजे केले की पुन्हा नोंद होते, तर ॲपमध्ये आधीच उतरवलेले साहित्य गाडीत नेटवर्कशिवाय वाचले की ती नोंद उशिरा पोहोचते किंवा अपुरी राहते. त्यामुळे किती वेळा उघडले यापेक्षा किती वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी निदान एकदा उघडले, ही संख्या अधिक भरवशाची असते. अभ्यासाला दिलेल्या मिनिटांचा हिशेब तर मी शक्यतो करूच नये अशा मताचा आहे. दोन क्लिकमधल्या अंतरावरून तो काढतात, पण त्या अंतरात विद्यार्थी वाचत होता की जेवायला गेला होता हे लॉगला माहीत नसते.

‘ॲक्टिव्हिटी कंप्लीशन’च्या, म्हणजे कृती पूर्ण झाल्याच्या, हिरव्या खुणांबाबतही सावध राहावे. एखादी कृती ‘पूर्ण’ केव्हा मानायची हे शिक्षकानेच ठरवलेले असते. ‘उघडले की पूर्ण’ अशी अट ठेवली असेल, तर ती हिरवी खूण फक्त बोट लागल्याची असते.

नावे आधी काढून टाका

फाइल उतरवल्यावर करायचे पहिले काम म्हणजे आयपी पत्त्याचा रकाना पुसून टाकणे आणि नावांच्या जागी सांकेतिक क्रमांक घालणे. नाव आणि क्रमांक यांची यादी वेगळ्या फाइलमध्ये एकाच जबाबदार व्यक्तीकडे राहू द्यावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती ही बालक असते, तिचा डेटा हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते, आणि नियमांत दिलेली सूट वगळता बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी या वयोगटात मोडतात, त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयांनी हे काम सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या विधी सल्लागाराशी बोलून घेतलेले बरे. कायदा बाजूला ठेवला तरी विद्यार्थ्यांना सत्राच्या सुरुवातीलाच साध्या मराठीत सांगावे की वापराच्या नोंदी अभ्यासक्रम सुधारण्यासाठी पाहिल्या जातील आणि अंतर्गत गुणांशी त्यांचा संबंध नसेल. हे सांगून नंतर त्याच नोंदींवरून हजेरी लावणाऱ्या विभागाला पुढच्या वर्षी खऱ्या नोंदी मिळत नाहीत, कारण मुले वाचायचे सोडून क्लिक करत बसतात.

गळतीची जागा शोधणे

आता अभ्यासक्रमातील पायऱ्या क्रमाने लिहाव्यात आणि प्रत्येक पायरीसमोर तेथवर पोहोचलेल्या वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची संख्या मांडावी. एक्सेलमधील पिव्हट टेबल या नोंदी गटवार मोजणाऱ्या सोयीने हे काम तासाभरात होते. समजा, नोंदणी १२० जणांची आहे. त्यांपैकी ९६ जणांनी अभ्यासक्रम उघडला, ८१ जणांनी पहिला पाठ उघडला, ७४ जणांनी पहिली चाचणी दिली, ४३ जणांनी दुसरा घटक उघडला आणि ३९ जणांनी स्वाध्याय जमा केला. बैठकीत चर्चा होईल ती न आलेल्या २४ जणांची, कारण त्यांच्यावर रागावता येते. पण पाहण्यासारखी जागा ७४ आणि ४३ यांच्या मधली आहे. हे ३१ विद्यार्थी आले होते, त्यांनी पाठ पाहिला होता, चाचणीही दिली होती, आणि तरीही ते पुढच्या दारातून आत गेले नाहीत.

असा खड्डा दिसला की विद्यार्थ्यांच्या वृत्तीवर येण्याआधी व्यवस्था तपासावी. मूडलमध्ये ‘रिस्ट्रिक्ट ॲक्सेस’ नावाची सोय आहे. पहिल्या चाचणीत ६० टक्के गुण मिळाल्याशिवाय दुसरा घटक उघडू नये, अशी अट त्यातून घालता येते, आणि ती घातल्याचे सत्राच्या धामधुमीत शिक्षकाच्याही लक्षात राहत नाही. शिक्षकाच्या खात्यातून घटक उघडाच दिसतो. विद्यार्थ्याला मात्र कुलूप आणि त्याखाली इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलेली अट दिसते, आणि तो समजतो की सरांनी हा भाग अजून टाकलेला नाही. म्हणून गळतीची जागा सापडल्यावर अभ्यासक्रम विद्यार्थ्याच्या भूमिकेत, शक्यतो स्वतंत्र चाचणीखात्यातून आणि मोबाइलवर, एकदा सुरुवातीपासून पार करून पाहावा. निम्मे दोष या एका फेरीतच दिसतात.

चाचणीचे प्रश्नही साक्ष देतात

मूडलच्या क्विझमध्ये ‘स्टॅटिस्टिक्स’ हा अहवाल मिळतो, आणि माझ्या मते साऱ्या अहवालांत सर्वांत मोलाचा तोच. बी. एड.ला शिकलेले काठिण्यमूल्य आणि भेदनक्षमता हे दोन्ही आकडे तेथे प्रत्येक प्रश्नासमोर तयार असतात. पहिला आकडा प्रश्नात सरासरी किती टक्के गुण मिळाले ते सांगतो, म्हणजे तो जितका मोठा तितका प्रश्न सोपा. दुसरा आकडा, उरलेल्या चाचणीत चांगले गुण मिळवणारे विद्यार्थी याही प्रश्नात चांगले गुण मिळवतात का, हे दाखवतो. मूडलच्या मार्गदर्शिकेनुसार भेदनक्षमता ५० किंवा अधिक असेल तर प्रश्न उत्तम, ३० ते ५० पुरेसा, २० च्या खाली फार दुबळा, आणि ऋण आली तर प्रश्नच बहुधा सदोष असतो. हुशार मुलांचे उत्तर चुकते आणि बाकीच्यांचे बरोबर येते, असे जेथे दिसते तेथे उत्तरसूची आधी तपासावी.

मराठी माध्यमाच्या चाचण्यांत एक खास प्रकार आढळतो. लघुत्तरी प्रश्नाचे अपेक्षित उत्तर ‘ॲल्युमिनियम’ असे दिलेले आहे. शिक्षकाने ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणून टंकलेले असते, तर काही कीबोर्डवर विद्यार्थी ‘अ’ टंकून त्यावर चंद्र देतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या दृष्टीने मात्र ती वेगळी अक्षरे असतात, आणि बरोबर उत्तराला शून्य मिळते. परिणामी प्रश्न अकारण अवघड दिसतो आणि त्याची भेदनक्षमताही शून्याच्या आसपास घुटमळते, कारण गुण ज्ञानावर मिळत नसून कीबोर्डवर मिळत असतात. संख्यात्मक उत्तरांत ‘१२’ आणि ‘12’ यांचाही असाच गोंधळ होऊ शकतो. अशा प्रश्नाला आलेली प्रत्यक्ष उत्तरे उघडून वाचावीत, चालण्याजोगी सर्व रूपे उत्तरसूचीत घालावीत आणि चाचणीचे पुनर्मूल्यांकन करावे. मूडलमध्ये ‘रीग्रेड’चे बटण त्यासाठीच आहे.

व्हिडिओ

व्हिडिओ यूट्यूबवर ठेवून मूडलमध्ये जोडला असेल, तर मूडलला फक्त पान उघडल्याचे कळते. किती सेकंद पाहिले ते यूट्यूब स्टुडिओतील प्रेक्षक टिकून राहण्याच्या आलेखात पाहावे लागते. २०१४ मध्ये एडएक्सच्या ४ अभ्यासक्रमांतील ६९ लाख पाहण्यांच्या अभ्यासात असे दिसले की व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याच्या वेळेचा मध्यक ६ मिनिटांच्या वर जात नाही. या निष्कर्षाचा अर्थ प्रत्येक व्याख्यान कात्रीने सहा-सहा मिनिटांचे करावे असा घेतला जातो, आणि तो मला पटत नाही. सिद्धता मधोमध तोडली तर दोन्ही तुकडे कळेनासे होतात. तोडायचे ते जेथे विचार पुरा होतो तेथे.

आलेखातील उतारापेक्षा त्यातील उंचवटे अधिक शिकवून जातात. त्याच वर्षीच्या, ८६२ व्हिडिओंवरील दुसऱ्या अभ्यासात, विद्यार्थी जेथे पुन्हा पुन्हा मागे येतात अशा जागांपैकी ६१ टक्के जागी पडद्यावरील दृश्य बदलत असल्याचे आढळले. स्लाइड लवकर हलली, फळ्यावरचे समीकरण पुसले गेले, की विद्यार्थी मागे येतो. असा उंचवटा दिसला तर व्हिडिओ नव्याने चित्रित करण्याची गरज नसते. त्या क्षणीचे स्थिर चित्र काढून व्हिडिओखाली लावले तरी पुष्कळ काम होते.

कारण विचारायला शेजारी बसा

इथवरच्या साऱ्या नोंदींनी जागा दाखवली, कारण मात्र दाखवले नाही. त्यासाठी चार-पाच विद्यार्थ्यांना एकेकटे बोलवावे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले की पाच वापरकर्त्यांच्या चाचणीत वापरातील सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. या टक्क्याला फार चिकटून राहू नये, पण तिसऱ्या-चौथ्या विद्यार्थ्यानंतर त्याच त्याच गोष्टी दिसू लागतात हा अनुभव कोणालाही येईल. बोलावताना फक्त हुशार मुले निवडू नयेत. ज्या पायरीवर गळती दिसली तेथे थांबलेल्यांपैकी निदान दोघे त्यात असावेत.

आपल्याकडे यात एक अडचण ठरलेली आहे. विषयशिक्षक समोर बसला की विद्यार्थी ‘सर, छान आहे’ यापलीकडे जात नाही. म्हणून निरीक्षणाला दुसऱ्या विभागातील कोणी बसावे आणि मत न विचारता काम सांगावे. विद्यार्थ्याने स्वतःचा मोबाइल वापरावा, महाविद्यालयाचा संगणक नव्हे. ‘दुसऱ्या घटकाचा स्वाध्याय जमा करून दाखव, आणि करताना जे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा’ एवढेच सांगून गप्प बसावे. तो चुकीच्या बटणावर गेला तरी बोट दाखवू नये. बोलावलेले विद्यार्थी मुक्त विद्यापीठाचे, नोकरी-संसार सांभाळून शिकणारे असतील, तर हीच सूचना अर्थातच ‘तुम्ही’ म्हणून द्यावी, आणि वेळ त्यांच्या सोयीची घ्यावी.

निरीक्षकाने वहीत दोन रकाने ठेवावेत. एकात विद्यार्थ्याने काय केले आणि तो काय बोलला ते, दुसऱ्यात निरीक्षकाला त्याचा वाटलेला अर्थ. ‘फाइल निवडली, “अपलोड झालं” म्हणाला, पान बंद केले’ ही पहिल्या रकान्यातील नोंद आहे. फाइल चढवल्यानंतर बदल जतन करण्याचे बटण दाबावे लागते हे त्याला कळले नाही, हा दुसऱ्या रकान्यातील अर्थ आहे. हे दोन एकत्र लिहिले की पुढे खरे काय घडले आणि आपण काय मानले, हे वेगळे काढता येत नाही.

बदल आणि पडताळणी

सापडलेल्या दोषांपैकी सर्वाधिक विद्यार्थ्यांना अडवणारा आणि सर्वांत कमी श्रमात दुरुस्त होणारा दोष प्रथम घ्यावा, आणि एका वेळी एका पायरीवर एकच बदल करावा. कुलपाखालची अट मराठीत लिहिणे, स्वाध्यायाच्या पानावर जतन करण्याच्या बटणाचे चित्र लावणे, असे बदल दिसायला किरकोळ असतात, पण बहुतेक वेळा अडचणही तेवढीच असते.

परिणाम वाचताना लहान संख्यांचे भान ठेवावे. ४०-४० विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांत निम्म्याच्या आसपास विद्यार्थी पुढच्या पायरीवर जात असतील, तर दोहोंतील २० टक्केबिंदूंपर्यंतचा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. एका वर्षात ५० चे ५८ टक्के झाले म्हणून पेढे वाटू नयेत. पुढच्या दोन तुकड्यांतही आकडा तिकडेच सरकतो का ते पाहावे. तुलनेतील दुसरी फसगत अधिक बारीक आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या ‘कोर्स सिग्नल्स’ या प्रणालीत विद्यार्थ्यांना त्यांच्या प्रगतीनुसार लाल, पिवळा किंवा हिरवा संकेत दाखवला जाई, आणि ही प्रणाली असलेले दोन किंवा अधिक अभ्यासक्रम घेणारे विद्यार्थी विद्यापीठात अधिक टिकतात असा दावा होता. २०१३ मध्ये समीक्षकांनी दाखवून दिले की गोष्ट उलटीही असू शकते: जो विद्यार्थी विद्यापीठात जास्त काळ टिकतो, त्यालाच असे दोन अभ्यासक्रम घेण्याची संधी मिळते. आपल्याकडेही ‘व्हिडिओ पूर्ण पाहणारे अधिक गुण मिळवतात’ असे वाक्य अहवालात आले की हाच प्रश्न विचारावा. अभ्यासू मुले दोन्ही करतात, त्यात व्हिडिओचा वाटा किती हे त्या वाक्यातून निघत नाही.

या कामासाठी एक बदलवही ठेवावी, मग ती साधी गुगल शीट असली तरी चालेल. प्रत्येक ओळीत तारीख, नोंदींत काय दिसले, विद्यार्थ्याशेजारी बसल्यावर काय कळले, नेमके काय बदलले, कोणता आकडा कितीवर जाईल अशी अपेक्षा आहे आणि तो कधी तपासायचा, एवढे लिहावे. अपेक्षा बदल करण्यापूर्वीच लिहावी, म्हणजे नंतर आलेल्या कोणत्याही आकड्याला यश म्हणण्याचा मोह होत नाही. सोबतच नोंदी किती दिवस जपल्या जातात हे सेटिंग मूडलच्या व्यवस्थापकाकडून तपासून घ्यावे. सर्व्हरवर जागा वाचवण्यासाठी ती मुदत काही महिन्यांची ठेवलेली असेल, तर पुढच्या जूनमध्ये नव्या तुकडीशी तुलना करायला मागच्या तुकडीच्या नोंदीच शिल्लक राहणार नाहीत. त्यामुळे सत्र संपताच पायऱ्यांचा तक्ता, नावांविना, काढून बदलवहीला जोडून ठेवावा आणि मूळ लॉगची उतरवलेली फाइल शिक्षकांच्या लॅपटॉपवरून पुसून टाकावी.